गाळप हंगामात रात्रीचा बॅकअप साडेचार तास चालतोय, वेळ नेमका जातो कुठं?

तेरणाकाठ · सोमवार, रात्री 10.40

मंडळी, धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या सर्व्हरचा प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर 2019 स्टँडर्ड, रॅम 64 जीबी, सहा सॅस डिस्कचं रेड 10 (डिस्कच्या जोडप्रती ठेवणारी रचना). वजनकाटा, शेतकी, तोडणी-वाहतूक, ऊसबिलं, सगळं एकाच डेटाबेसमध्ये. डेटा फाइल 96 जीबी, लॉग फाइल (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी) 61 जीबी. रोज रात्री 1 वाजता फुल बॅकअप लागतो आणि काट्याच्या केबिनशेजारच्या खोलीतल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कच्या पेटीवर जातो.

दोन हंगामांपूर्वी हा जॉब पाऊण तासात आटपायचा. आता जॉब हिस्ट्रीत 4 तास 25 मिनिटं दिसतात. पहाटे 4 ला पाळी बदलते आणि त्याच सुमाराला काट्यावर गाड्यांची रांग असते. तेव्हा वजनाची एक स्लिप निघायला 20-25 सेकंद लागायलेत. दिवसाला साडेचारशे-पाचशे खेपा आहेत, त्यामुळं रांग थेट रस्त्यावर येते.

सर्व्हर रीस्टार्ट केला, नॅसवरचे जुने बॅकअप काढले, जॉब रात्री 11 ला लावून बघितला. काही फरक नाही. कुठून सुरुवात करावी?

मांजरा_बॅरेज · सोमवार, रात्री 11.15

लॉग 61 जीबी झालाय, तोच गुन्हेगार. रिकव्हरी मॉडेल सिंपल करा (म्हणजे लॉग साठून राहत नाही), लॉग श्रिंक करा, म्हणजे फाइल आकसून लहान करा, डेटा फाइलपण श्रिंक करा. बॅकअप निम्म्यावर येतो.

गोदाकाठ_नांदेड · सोमवार, रात्री 11.50

थांबा, आज रात्री काहीच श्रिंक करू नका. कारण सांगतो.

बॅकअप फाइलचा आकार बघून वाचत नाही, वापरात असलेले एक्स्टेंट तेवढे वाचतो. एक एक्स्टेंट म्हणजे 8 केबीची आठ पानं, 64 केबी. 96 जीबीच्या फाइलमध्ये 12 जीबी मोकळे असतील तर ते 12 जीबी बॅकअपमध्ये येतच नाहीत. म्हणजे डेटा फाइल श्रिंक करून बॅकअपचा एक मिनिटही वाचत नाही. उलट पानं शेवटाकडून उचलून पुढं कोंबली जातात, इंडेक्सची पार मोडतोड होते आणि काटा आणखी हळू होतो.

लॉगचंही तसंच. बॅकअप चालू असताना झालेले बदल जुळवायला लागतो तेवढाच लॉग फुल बॅकअपमध्ये येतो, अख्खे 61 जीबी नाहीत. लॉग एवढा फुगला म्हणजे लॉग बॅकअप कधी घेतलेलाच नाही. तो प्रश्न गंभीर आहे, पण वेगळा आहे, त्याच्याकडं नंतर येऊ. आणि सिंपल मॉडेल केलं तर रात्री 1 नंतरची वजनं परत आणायचा रस्ताच बंद होतो. शेतकऱ्याच्या उसाचं वजन आहे ते, पावतीवरून पुन्हा टाइप करायची पाळी यायला नको. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि सगळा हिशेब याच नोंदींवर उभा आहे.

आता मोजमाप. बॅकअपमध्ये तीन कामं असतात: डिस्कवरून वाचणं, लावलं असेल तर कॉम्प्रेशन, आणि लिहिणं. सगळ्यात हळू जे असेल त्याच्या चालीनं बाकीचे चालतात. एवढे आकडे द्या.

पहिला: एमएसडीबीतल्या (सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींचा डेटाबेस) बॅकअपसेट टेबलमधून बॅकअप सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, बॅकअप साइज आणि कॉम्प्रेस्ड बॅकअप साइज. जॉब हिस्ट्रीतला वेळ चालणार नाही, तो सगळ्या पायऱ्यांची बेरीज असतो.

दुसरा: वाचण्याचा शुद्ध वेग. बॅकअप कमांडमध्ये फाइलच्या जागी 'नल' द्या. विंडोजचं नल म्हणजे एन-यू-एल, शेवटी एकच एल. दोन दिलेत तर त्या नावाची खरीखुरी फाइल तयार होते. सोबत 'कॉपी ओन्ली' लिहायला विसरू नका. ते नसेल तर सर्व्हर या फेकून दिलेल्या बॅकअपलाच पुढच्या डिफरन्शियलचा (फुल बॅकअपनंतरचे बदल तेवढे घेणारा बॅकअप) पाया धरतो. आणि लॉगचा बॅकअप नलवर कधीच घ्यायचा नाही, लॉग बॅकअपांची साखळी तिथंच तुटते.

तिसरा: सर्व्हरवरून नॅसवर एक मोठी फाइल नुसती कॉपी करून तिचा वेग.

तेरणाकाठ · मंगळवार, दुपारी 1.20

आकडे:

बॅकअपसेट: बॅकअप साइज 84 जीबी. कॉम्प्रेस्ड साइजही तेवढीच, म्हणजे कॉम्प्रेशन बंद. वेळ 2 तास 12 मिनिटं. जॉब 4 तास 25 मिनिटांचा दिसतो, मग उरलेला वेळ कशात जातोय ते कळेना.

नल: 9 मिनिटं 40 सेकंद.

नॅसवर 10 जीबीची कॉपी: 15 मिनिटं 30 सेकंद. वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत 11 एमबी, जराही वरखाली नाही.

गोदाकाठ_नांदेड · मंगळवार, दुपारी 2.05

उरलेल्या वेळेचं आधी. जॉबची दुसरी पायरी उघडा, तिथं 'रिस्टोअर व्हेरिफायओन्ली' असणार. ती नॅसवर लिहिलेली सगळी 84 जीबी फाइल त्याच वायरीनं परत सर्व्हरकडं ओढून वाचते. जाताना सव्वादोन तास, येताना सव्वादोन तास.

वाचण्याचा वेग तुमचा तुम्हीच काढलात: 84 जीबी 580 सेकंदांत, म्हणजे सेकंदाला साधारण 148 एमबी. डिस्क ठणठणीत आहेत. प्रश्न पलीकडं आहे.

बालाघाट · मंगळवार, दुपारी 2.30

11 एमबी आणि तेही सपाट? मग बाकी काही शोधू नका, हे 100 एमबीपीएसचं नेटवर्क आहे. 100 भागिले 8 म्हणजे 12.5, पॅकेटचा वरखर्च वजा जाता 11 च्या आसपास उरतं. गिगाबिटला हाच आकडा 110 च्या घरात असतो. डिस्क हळू असेल तर आलेख डोंगरदऱ्यांसारखा दिसतो, वायर हळू असेल तर रेघ सरळ येते.

तेरणाकाठ · मंगळवार, दुपारी 3.10

पण सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या स्टेटसमध्ये 1.0 जीबीपीएस दिसतंय. नॅसच्या पानावरही 1000. मग 100 कामून येईल?

बालाघाट · मंगळवार, दुपारी 3.45

दोन्ही टोकं आपापल्या जवळच्या स्विचचा वेग सांगतात. मधला दुवा कुणी बघितलाय? सर्व्हर रूमचा स्विच आणि काट्याच्या केबिनचा स्विच यांना जोडणाऱ्या वायरीचे दोन्हीकडचे पोर्ट बघा. बहुतेक स्विचवर 1000 आणि 100 साठी दिव्याचा रंग वेगळा असतो. रंगाचा अर्थ स्विचच्या अंगावर नाहीतर माहितीपत्रकात मिळेल.

गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात. 100 ला दोनच पुरतात, पिना 1-2 आणि 3-6. निळी किंवा तपकिरी जोडी कुठं तुटली, उंदरानं कुरतडली, किंवा कनेक्टर सैल क्रिंप झाला, की बरेच स्विच मुकाट्यानं 100 वर उतरतात. लिंक चालू, दिवा चालू, पिंग चालू. म्हणून महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. कारखान्यात तर बगॅसचा भुसा कनेक्टरमध्ये जाऊन बसतो, तोही बघा.

स्लिपा अडकण्याचं कोडंही इथंच सुटतं. काट्याचे संगणक याच वायरीनं सर्व्हरशी बोलतात ना? बॅकअपनं ती वायर 1 पासून साडेपाचपर्यंत तुडुंब भरलेली असते.

एक सूचना: पोर्टवर हातानं 1000 ठोकून बसवू नका. ऑटो-निगोशिएशन (दोन्ही पोर्टांनी आपसांत वेग ठरवणं) चालूच राहू द्या. वायर सुधारली की ते आपोआप वर जातं.

मांजरा_बॅरेज · मंगळवार, सायंकाळी 6.20

श्रिंकबद्दल माझं चुकलं, मान्य. पण बफरकाउंट (बॅकअपचा डेटा वाहणाऱ्या बफरांची संख्या) वाढवून आणि बॅकअप चार फाइलींत वाटूनही वेग वाढतो ना?

गोदाकाठ_नांदेड · मंगळवार, सायंकाळी 7.00

वाढतो, पण अडचण त्या जागी असेल तरच. दर बॅकअप फाइलीमागं लिहिणारा एक थ्रेड मिळतो, आणि वाचणारा थ्रेड डेटा फाइली ज्या व्हॉल्यूमवर आहेत त्या प्रत्येकामागं एक. चार फाइली केल्या तरी चौघांना त्याच 11 एमबीच्या नळातून पाणी भरायचंय.

वायर सुधारल्यावर मॅक्सट्रान्सफरसाइज (एका वेळी हलणारा तुकडा) 4194304, म्हणजे जास्तीत जास्त जी 4 एमबी चालते ती, आणि बफरकाउंट 30-40 करून बघायला हरकत नाही. दोन्हींचा गुणाकार एवढी मेमरी बफर पूलच्या (सर्व्हर डेटाची पानं ठेवतो ती मेमरी) बाहेर लागते: 40 गुणिले 4, 160 एमबी. मॅक्स सर्व्हर मेमरी 64 पैकी 63 वर ठेवली असेल तर तेवढीही मिळायची नाही.

तेरणाकाठ · गुरुवार, सकाळी 11.30

मधल्या वायरीचे दोन्ही पोर्ट 100 वरच होते. साधारण 80 मीटरची तांब्याची केबल आहे आणि गव्हाणीच्या बाजूला तिला मधेच जोड दिलेला होता. तात्पुरती बिनजोडाची नवी केबल ओढली, दोन्ही पोर्ट 1000 वर आले. 10 जीबीची कॉपी 95 सेकंदांत झाली. पहाटेच्या स्लिपाही आता लगेच निघतात.

पण फुल बॅकअपला मी 13-14 मिनिटांचा हिशेब धरला होता, काल रात्री 52 मिनिटं लागली. व्हेरिफायची पायरी सध्या बंद ठेवलीय, म्हणजे ही नुसत्या बॅकअपची वेळ.

पूर्णा_परभणी · गुरुवार, दुपारी 12.15

10 जीबीची चाचणी इथं फसवते. 80-90 जीबीची फाइल कॉपी करा आणि वेग कुठं पडतो ते बघत बसा. नॅसमध्ये कोणत्या डिस्क आहेत, तेही मॉडेल नंबरावरून बघून सांगा.

तेरणाकाठ · गुरुवार, दुपारी 4.50

पहिले 25 जीबी 108 एमबीनं गेले. नंतर वेग 20-21 वर आला आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. दोन डिस्कचा मिरर आहे. मागच्या हंगामाआधी बदललेल्या, डेस्कटॉपच्या साध्या डिस्क. निर्मात्याच्या तक्त्यात रेकॉर्डिंगच्या रकान्यात एसएमआर लिहिलंय.

पूर्णा_परभणी · गुरुवार, सायंकाळी 5.40

मग झालं निदान. एसएमआरमध्ये ट्रॅक घरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. एक कौल बदलायचं तर त्याच्या पुढची रांग उचलावी लागते, तसं थोडं लिहायला डिस्कला शेजारचा पट्टा वाचून पुन्हा लिहावा लागतो. ते लपवायला डिस्क थोडा भाग कॅश म्हणून राखून ठेवते. तो भरेपर्यंत वेग उत्तम, भरला की घसरगुंडी. मोकळा वेळ मिळाला की डिस्क कॅश रिकामी करते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची छोटी चाचणी पुन्हा छान येते.

रेडमध्ये याचा खरा त्रास डिस्क बदलल्यावर होतो. रिबिल्ड (नव्या डिस्कवर सगळी प्रत उतरवणं) दिवसेंदिवस चालतो, आणि तेवढा वेळ तुमचा बॅकअप एकाच डिस्कवर असतो. पुढच्या खरेदीत सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी डिस्क) असं कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. तोवर तुमच्यापुढं रस्ता एकच, रोज 25 जीबीपेक्षा कमी लिहा.

बालाघाट · गुरुवार, सायंकाळी 6.10

नव्या केबलबद्दल. दोन इमारतींच्या मधे तांबं कायमचं ठेवू नका. आपल्याकडं वळवाच्या पावसात विजा किती पडतात ते सांगायला नको. जवळ वीज पडली की त्या केबलनं दोन्हीकडचे स्विच आणि नॅस एकदमच जातात. तिथं फायबर टाका. मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारी डबी) घेतलेत तर दोन्ही टोकांना 1000 चाच आहे ना हे खोक्यावर वाचून घ्या. 100 वाले स्वस्त असतात आणि दिसायला तसेच; बसवलेत की पुन्हा 11 एमबी.

तेरणाकाठ · गुरुवार, रात्री 9.30

कॉम्प्रेशन चालू केलं. 84 चे 50 जीबीच झाले, मला 20 च्या आत येतील असं वाटलं होतं. टेबलांचे आकार बघितले तर 41 जीबी एकट्या कागदपत्रांच्या टेबलात आहेत. शेतकऱ्यांचे सातबारा, आधार, बँक पासबुक, वाहतूकदारांचे करार, सगळं स्कॅन करून डेटाबेसमध्येच.

गोदाकाठ_नांदेड · गुरुवार, रात्री 10.45

जेपीजी आणि पीडीएफ आधीच दाबलेले असतात, ते पुन्हा दाबले जात नाहीत. तुमची वजनं, बिलं, खाती हे 43 जीबी मात्र छान दाबले गेलेत, साधारण 10 जीबी झाले असतील. उरलेले 40 चित्रांचे.

आता विचार करा, मागच्या हंगामांचे सातबारा रोज रात्री पुन्हा कशाला वाहायचे? ते बदलणार नाहीत. बंद हंगामांची कागदपत्रं वेगळ्या फाइलग्रुपमध्ये (डेटा फाइलींचा गट) टाका, तो रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरता करा, त्याचा एकदाच बॅकअप घ्या. रोजच्या कमांडमध्ये 'रीड राइट फाइलग्रुप्स' लिहिलं की तेवढं सोडून बाकीचंच जातं. हे स्टँडर्डमध्ये चालतं, एंटरप्राइजची गरज नाही.

करताना चार ठिकाणी पाय घसरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

क्लस्टर्ड इंडेक्स (टेबलाच्या ओळी ज्यात साठवलेल्या असतात तो) नव्या फाइलग्रुपवर रिबिल्ड केला की टेबल हललं असं वाटतं. ओळी हलतात, पण स्कॅनचा मजकूर, म्हणजे व्हारबायनरी मॅक्स रकान्यातला लॉब (मोठ्या आकाराचा) भाग, जुन्याच जागी राहतो. त्यासाठी नवं टेबल बनवायचं, बनवतानाच 'टेक्स्टइमेज ऑन' मध्ये नवा फाइलग्रुप द्यायचा आणि माल त्यात ओतायचा. एका दमात सगळं ओतू नका, लॉग आणखी फुगेल. 500-500 ओळींचे घास करा आणि तेवढा वेळ लॉग बॅकअप दर 10 मिनिटांनी चालू ठेवा. दोन्हीकडच्या ओळी आणि एकूण बाइट मोजून जुळल्याशिवाय जुन्या टेबलातून काही काढू नका.

फाइलग्रुप रीड-ओन्ली करताना डेटाबेसमध्ये दुसरं कुणीही जोडलेलं चालत नाही. म्हणून हे काम स्वच्छतेसाठी गाळप बंद असतं त्या दिवसाला ठेवा.

आधी रीड-ओन्ली, नंतर त्याचा बॅकअप, हाच क्रम. उलटा केलात तर रिस्टोअरच्या वेळी तो फाइलग्रुप जुळवायला त्या दिवसापासूनचे सगळे लॉग मागितले जातात.

आणि प्रोग्रामवाल्यांना आधी सांगा. जुना हंगाम उघडून कुणी सातबारा बदलायला गेला तर आता एरर येणार, त्यांनी ती दुरुस्ती चालू हंगामाच्या टेबलात घ्यायला हवी.

दुधना · शुक्रवार, सकाळी 9.15

यापेक्षा फाइली फोल्डरमध्ये ठेवून डेटाबेसमध्ये नुसता पत्ता ठेवला तर?

गोदाकाठ_नांदेड · शुक्रवार, सकाळी 9.50

चालतं, पण मग फोल्डरचा बॅकअप वेगळा, आणि दोन्ही एकाच क्षणाचे असतील याची खात्री तुमची. हंगाम चालू असताना सॉफ्टवेअर बदलायला मी तरी सांगणार नाही. मे-जूनमध्ये करा.

तेरणाकाठ दादा, आता ते 61 जीबीचं. लॉग बॅकअप दर 15 मिनिटांनी कायमचा लावा. पहिला बॅकअप मोठा येईल, दिवसा घ्या. मग लॉग फाइल एकदाच, फक्त ती एकच फाइल, श्रिंक करून 8 जीबीवर आणा आणि वाढ 512 एमबीची ठेवा. टक्क्यांत ठेवू नका. श्रिंक इथं योग्य आहे, कारण फुगण्याचं कारण आधी काढलंय.

याचा खरा फायदा रिस्टोअरला दिसेल. 'परफॉर्म व्हॉल्यूम मेंटेनन्स टास्क्स' हा हक्क सर्व्हिस अकाउंटला दिला असेल तर डेटा फाइल क्षणात तयार होते, पण लॉग फाइल शून्यांनी पूर्ण भरूनच घ्यावी लागते. 61 जीबी शून्यं लिहून होईपर्यंत टक्का 0 वरच दिसतो. लोक घाबरून तेवढ्यात रद्द करतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

मांजरा_बॅरेज · शुक्रवार, दुपारी 12.00

व्हेरिफायओन्ली कायमचंच बंद का?

गोदाकाठ_नांदेड · शुक्रवार, दुपारी 12.30

नाही. बॅकअप 'विथ चेकसम' घ्या, म्हणजे वाचतानाच पानांची तपासणी होते. आकार कमी झाला की व्हेरिफाय परत लावा, गिगाबिटवर काही मिनिटांचं काम आहे. पण फाइल पूर्ण आणि वाचता येते, एवढंच ते सांगतं. आठवड्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर खरोखर रिस्टोअर करून त्यावर 'चेकडीबी' (डेटाबेस आतून शाबूत आहे का ते तपासणारी कमांड) चालवा. कारखाना 24 तास चालतो, तेव्हा सर्व्हर गेला तर परत उभा राहायला किती वेळ लागेल ते मिनिटांत माहीत पाहिजे.

तेरणाकाठ · पुढचा गुरुवार, सकाळी 10.10

मंगळवारी स्वच्छतेसाठी गाळप बंद होतं, त्यात सगळं उरकलं. मागच्या हंगामांची 32 जीबी कागदपत्रं रीड-ओन्ली फाइलग्रुपमध्ये गेली. ओळी आणि बाइट दोन्ही जुळले.

रोजचा बॅकअप आता 52 जीबी वाचतो, 19 जीबी लिहितो, वेळ 7 मिनिटं 20 सेकंद. नॅसचा वेग शेवटपर्यंत पडला नाही. चेकसम चालू आहे, व्हेरिफाय परत लावलंय, दोन्ही मिळून 12 मिनिटांच्या आत. लॉग 8 जीबी, दर 15 मिनिटांची लॉग बॅकअपची फाइल 30-40 एमबीची येते.

बफरकाउंट 40 केलं तर 20-25 सेकंद वाचले. प्रोसेसर त्या वेळात 60 टक्क्यांच्या पुढं गेला नाही. फायबरचं कोटेशन मागवलंय, दोन्ही टोकांना 1000.

एक राहिलं. दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करताना क्रम कसा?

गोदाकाठ_नांदेड · गुरुवार, सकाळी 10.55

आधी रोजचा बॅकअप 'विथ पार्शल, नोरिकव्हरी', म्हणजे काही फाइलग्रुप तेवढे आणि डेटाबेस अजून न उघडता. मग त्यानंतरचे लॉग ओळीनं, शेवटच्याला रिकव्हरी. इथं वजनकाटा आणि बिलं सुरू होतात. जुनी कागदपत्रं तेव्हा उघडणार नाहीत, बाकी काम चालतं. मग गर्दी नसताना रीड-ओन्ली फाइलग्रुपचा बॅकअप रिस्टोअर करा. त्याला लॉग लागत नाही. स्टँडर्डमध्ये तेवढा वेळ डेटाबेस ऑफलाइन जातो, ते काट्यावर आधी कळवा.

आणि त्या 32 जीबीच्या बॅकअपच्या निदान दोन प्रती ठेवा. एक नॅसवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क केबल काढून मुख्य कार्यालयाच्या कपाटात. नॅस सतत जोडलेला असतो, रॅन्समवेअर शिरलं तर तोही लॉक होतो. रोजच्या जॉबमध्ये तो फाइलग्रुप आता येत नाही, तेव्हा या दोन प्रती गेल्या तर तो कुठंच नाही. जॉबमधली जुन्या फाइली पुसणारी पायरी त्या फोल्डरला हात लावत नाही ना, ते आजच बघा.

तेरणाकाठ · गुरुवार, सकाळी 11.40

बघितलं. 14 दिवसांपेक्षा जुनं सगळं पुसणारी पायरी त्याच फोल्डरवर होती. फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली आणि जॉबच्या खात्याला तिथं पुसायचा हक्कच ठेवला नाही. दुसरी प्रत डिस्कवर घेऊन दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघितली, कागदपत्रं उघडतात.